चिवट जात आली म्हणून रक्ततपासणी सोडायची का?

संपादक साहेब, नमस्कार.

कोंबड्यांच्या आनुवंशिक रोगप्रतिकारशक्तीवरचा तुमच्या पेपरातला लेख वाचला. विषय घेतलात ते बरंच झालं, पण अशी जात हाती आली की औषधं आणि टेस्टिंग दोन्ही कटकटी सुटतील असा जो सूर शेवटी लावलाय तो काही पटला नाही, म्हणून लिहितोय.

एकतर ही गोष्ट नवीन नाही. १९२०-३० च्या दशकांत अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात रॉबर्ट्स आणि कार्ड या संशोधकांनी पिल्लांना मुद्दाम पुलोरमचे (साल्मोनेला जातीच्या जंतूमुळे पिल्लांना होणारा पांढऱ्या हगवणीचा रोग) जंतू दिले, आणि जी टिकली त्यांच्याच वंशातून पुढची पिढी काढत गेले, तर मर खरोखर कमी झाली. व्हाइट लेगहॉर्न वजनदार जातींपेक्षा या रोगात जास्त तग धरते हेही तेव्हापासून माहितीये. पुलोरम ज्याने पाहिलाय तो विसरत नाही, पिल्लं पंख टाकून बल्बखाली एकमेकांना चिकटून बसतात, मागे पांढरी हगवण चिकटून वाळते आणि कधीकधी ती जागाच बंद होते.

पुढे पाचव्या क्रोमोझोमवर सॅल-१ नावाचा भाग सापडला. तो ज्यांच्यात चांगला त्यांच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी गिळलेले साल्मोनेला लवकर मारतात, त्यामुळे लिव्हर आणि प्लीहेत जंतू माजत नाहीत आणि पक्षी वाचतो.

पण वाचतो म्हणजे जंतूमुक्त होतो असं नाही ना! आतड्यात, सीकममध्ये (आंधळ्या आतड्यात) ठाण मांडून बसलेले जंतू हटवणं हे वेगळंच प्रकरण, तिथे सॅल-१ चा फारसा उपयोग होत नाही. याच कुळातला दुसरा जंतू साल्मोनेला एन्टेरिटिडिस घ्या, मोठी कोंबडी खातेपिते, अंडी देते, तुरा लालभडक, आणि जंतू विष्ठेतून पडतायत, कधी थेट अंड्यात उतरतायत, आजारी पडतो तो अंडं खाणारा माणूस. आता नुसती मर बघून निवड केली तर असे गुपचूप वाहकच जास्त निवडले जायची भीती आहे, यावर लेखात अवाक्षर नाही. (आईकडून बलकातून मिळणाऱ्या अँटिबॉडीजही लेखकाने आनुवंशिकतेतच घातल्यात, त्या काही आठवड्यांत संपतात हो, जीन्सशी त्यांचा संबंध नाही.)

आणि ज्या देशांनी व्यावसायिक कळपांतून पुलोरम जवळपास हद्दपार केला त्यांनी तो जातीच्या जोरावर नाही केला, ब्रीडर, म्हणजे पिल्लांसाठी अंडी देणाऱ्या कळपातल्या कोंबड्यांचं रक्त तपासून, पॉझिटिव्ह निघाली की काढून टाकून केला, अमेरिकेत १९३५ पासून त्यासाठी राष्ट्रीय योजनाच चालू आहे. चिवट जात जरूर आणा, मी विरोधात नाही, पण ती विकणाऱ्याला पिल्लं किती मरतात एवढंच विचारू नका, सीकममध्ये जंतू किती दिवस राहतात आणि अंड्यात किती उतरतात याचे आकडेही मागा. पुढच्या लेखात तेवढे छापलेत तर उपकार होतील.

आपला,
एक नियमित वाचक