सूचना : निळ्या-पांढऱ्या इंग्लिश दौतींची पाहणी

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारच्या बैठकीत अठराव्या शतकातील इंग्लिश निळ्या-पांढऱ्या पोर्सलिनच्या (उंची चिनी मातीच्या) दौती, लेखणीची तबके आणि शाई सुकवण्यासाठी कागदावर भुरभुरवायच्या पुडीच्या डब्या पाहण्यासाठी घेतल्या जातील. लंडनजवळच्या बो कारखान्याने काही दौतींवर ‘मेड ॲट न्यू कॅन्टन १७५०’ (कॅन्टन म्हणजे चिनी पोर्सलिन जिथून परदेशी जाई ते चीनमधले बंदर) असे लिहून चिनी मालाशी स्पर्धा उघडपणे मिरवली होती, तर लोस्टॉफ्ट या इंग्लंडच्या किनाऱ्यावरील गावच्या दौतींवर ‘अ ट्रायफल फ्रॉम लोस्टॉफ्ट’, म्हणजे ‘लोस्टॉफ्टहून एक किरकोळ भेट’, असा मजकूर आढळतो. मात्र केवळ अक्षरांवर विसंबून खरेदी करू नये, कारण पॅरिसच्या सॅमसन कारखान्याने एकोणिसाव्या शतकात अशा वस्तूंच्या नकला भरपूर केल्या. जुने इंग्लिश पोर्सलिन बहुधा ‘मऊ मातीचे’, म्हणजे कमी तापमानात भाजलेले, असल्याने त्याचा टवका उडालेला भाग साखरेसारखा रवाळ दिसतो, तर सॅमसनचा कठीण आणि काचेसारखा गुळगुळीत असतो. (टवका उडालेली दौत स्वस्त मिळते, आणि अभ्यासाला तीच बरी!)

झिलईच्या बारीक भेगांत मुरलेली जुनी शाई ब्लीचने काढण्याचा प्रयत्न कृपया कोणीही करू नये. वस्तू वर्तमानपत्रात न बांधता स्वच्छ सुती कापडात गुंडाळून, झाकण वेगळे ठेवून आणाव्यात.

— कार्यवाह