उभ्या गाडीचा क्लेम ‘कर भरलेला नव्हता’ म्हणून नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मोटार क्लेम विभाग

विषय: सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारल्याबाबत

महोदय,

काल दुपारी तुमच्या कॉल सेंटरने ‘मॅडम, सिस्टीममध्ये क्लेम क्लोज दाखवतंय, आता काही होणार नाही’ असं शेवटी सांगून फोन ठेवून दिला. फोनवर बोलून काही होत नाही हे त्यांनीच स्पष्ट केल्यामुळे आता लेखी कळवते आहे.

गाडी बीएच सिरीजची (बदली झाली तरी दुसऱ्या राज्यात पुन्हा नोंदणी लागत नाही ती), २०२२ ची नोंदणी, माझ्या नावावर. या सिरीजमध्ये कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो. पहिली मुदत जूनमध्ये संपली, त्याच सुमारास माझी भोपाळहून नाशिकला बदली झाली. जुलैमध्ये आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी टाइल्स घेऊन आलेल्या पिकअपने रिव्हर्स घेताना माझ्या गाडीचा मागचा उजवा कोपरा आत घातला. वॉचमन ओरडत होता, पिकअपवाल्याने गाणी मोठ्याने लावली होती. सीसीटीव्हीत सगळं दिसतं. माझी गाडी खांबालगत उभी आहे, आत कुणी नाही आणि वर कव्हर घातलेलं आहे. डिकीचं दार, टेल लॅम्प, बंपर आणि मागचा पत्रा, सगळं त्या कव्हरसकट चेपलं गेलं.

त्याच दिवशी तुम्हाला कळवलं. तुमचा सर्व्हेअर गॅरेजमध्ये आला, चॅसिस नंबर ताडून पाहिला, फोटो काढले, फाटलेलं कव्हरसुद्धा उलटंपालटं करून पाहिलं. बंपर प्लास्टिकचा म्हणून त्यावर ५० टक्के घसारा लावला, मान्य केला. क्लेममधले सक्तीने ग्राहकाच्या वाट्याला येणारे हजार रुपये माझ्या खिशातून जाणार, तेही मान्य. गॅरेजवाल्याला काम सुरू करायला सांगितलं. मग तुमचं पत्र आलं: ‘अपघातसमयी वाहनाचा मोटार वाहन कर भरलेला नसल्याने पॉलिसीच्या अटींचा भंग झाला आहे. सबब दावा नामंजूर.’

कुठल्या अटीचा भंग, ते सांगा. पॉलिसीची पुस्तिका मी शेवटच्या पानापर्यंत वाचली आहे. चालकाकडे वैध परवाना हवा, गाडी भाड्याने द्यायची नाही, शर्यतीत पळवायची नाही, वाहनविक्रीच्या धंद्यासाठी वापरायची नाही, गाडीची वाजवी काळजी घ्यायची, अपघात झाल्यावर लगेच कळवायचं. हे सगळं आहे. कर हा शब्द आहे तो फक्त प्रीमियमवरच्या जीएसटीपुरता, आणि तो मी भरला आहे.

वाहन कराचा व्यवहार माझा आणि सरकारचा. बीएच सिरीजच्या नियमातच लिहिलं आहे की मुदत संपल्यावर सात दिवसांत कर भरला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये दंड. तो दंड मी भरला, पुढच्या दोन वर्षांचा कर भरला, पावती सोबत आहे. उशीर का झाला हा प्रश्न सरकारने विचारला नाही, दंड घेतला आणि विषय संपवला. सरकारने १०० रुपये रोजाने मिटवलेल्या गोष्टीसाठी तुम्ही मला साठ-पासष्ट हजारांची शिक्षा कोणत्या अधिकारात देता?

तुमच्या पत्राला सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधल्या गोदारा निकालाचा संदर्भही जोडला आहे. पाठवणाऱ्याने तो वाचलेला दिसत नाही. त्या खटल्यातल्या बोलेरो गाडीची तात्पुरती नोंदणी संपली होती आणि कायमची नोंदणी झालीच नव्हती. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती नोंदणी नसलेली गाडी होती, म्हणून चोरीचा क्लेम गेला. माझ्या गाडीची नोंदणी तेव्हाही वैध होती, आजही आहे. ती निलंबित करायची तर नोंदणी प्राधिकाऱ्याने, माझं म्हणणं मांडायची संधी देऊन करायची असते. तसं काही झालेलं नाही. कराची थकबाकी म्हणजे नोंदणी रद्द, हा कायदा तुमच्या ऑफिसात तयार झालेला आहे.

आता कालच्या ज्या संभाषणामुळे मी आज हे टाइप करते आहे, ते सविस्तर सांगते. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच, ‘दर्जा सुधारण्यासाठी’ तुम्ही ते करता असं प्रत्येक वेळी ऐकवलं जातं.

पहिला प्रश्न: ‘अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होतं?’ मी म्हटलं, कुणीच नाही, गाडी उभी होती. ‘पण ड्रायव्हरचं नाव टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही, मॅडम.’ मी म्हटलं, मग रिकामं ठेवा. ‘रिकामं ठेवता येत नाही. घरात गाडी कोण चालवतं? मिस्टर?’ मी म्हटलं, गाडी माझी, पॉलिसी माझी, चालवते मी, आणि तेव्हा मी ऑफिसात होते. त्यावर: ‘जरा मिस्टरांना फोन देता का? त्यांना टेक्निकल समजावून सांगतो.’

मी फोन दिला नाही. मग टेक्निकल मलाच सांगण्यात आलं. ‘टॅक्स नसताना गाडी रस्त्यावर आणता येत नाही, मॅडम.’ मी म्हटलं, ती रस्त्यावर नव्हतीच, सोसायटीच्या आवारात होती. पलीकडे थोडा वेळ शांतता, कीबोर्डचा आवाज. ‘म्हणजे प्रायव्हेट प्रॉपर्टी?’ हो. ‘मग प्रायव्हेट प्रॉपर्टीतल्या अपघाताला पंचनामा लागेल.’ म्हणजे गाडी रस्त्यावर असेल तर कर नाही म्हणून क्लेम नाही, आणि रस्त्यावर नसेल तर पंचनामा नाही म्हणून नाही! मी विचारलं, मग गाडी नेमकी कुठे उभी असायला हवी होती? उत्तर मिळालं: ‘ते आम्ही सजेस्ट करू शकत नाही, मॅडम.’ मी संयम ठेवून बोलले. पुन्हा ठेवेन याची खात्री देत नाही.

मग सल्ला दिला की पिकअपवाल्याच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई घ्या, मोटार अपघात न्यायाधिकरणात जा. तो मार्ग मला माहीत आहे. पण मग स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम मी कशासाठी भरते? पद्धत अशी आहे की तुम्ही माझं नुकसान भरून द्यायचं आणि माझ्या जागी उभं राहून पिकअपवाल्याकडून वसूल करायचं. वकील तुमच्याकडे आहेत. पिकअपचा नंबर, चालकाचा मोबाइल, सीसीटीव्हीचं फुटेज मी तुम्हाला आयतं दिलं आहे.

आणि रिन्युअलच्या वेळी? तुमच्या फॉर्मवर पीयूसीचा रकाना होता, कराचा नव्हता. पीयूसी नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही, हे आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, २०२० मध्येच स्पष्ट केलं. बहुतेक म्हणूनच आता कराचा शोध लागला असावा. प्रीमियम घेताना जे विचारायचं सुचलं नाही, ते पैसे द्यायच्या वेळी बरोबर आठवतं. जुन्या गाडीपासून मी तुमच्याकडेच आहे. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट, ५० टक्क्यांवर गेला होता, म्हणजे इतकी वर्षं तुमच्याकडून मी एक रुपया मागितलेला नाही. चार लोकांना तुमचं नाव सुचवलं होतं. त्यातल्या दोघांची पॉलिसी अजून तुमच्याकडे आहे, त्यांना हे पत्र वाचायला देणार आहे.

पुन्हा विचारते, कारण या एका प्रश्नाचं उत्तर कुणी दिलेलं नाही: करासंबंधीची अट पॉलिसीच्या कोणत्या पानावर, कोणत्या क्रमांकाची? ती असेल तर छायाप्रत पाठवा. नसेल तर सर्व्हेअरने काढलेली रक्कम व्याजासह माझ्या खात्यात जमा करा. अर्धवट रकमेवर ‘तडजोड’ करायचा फोन करू नका. भंगच झालेला नाही, तर तडजोड कशाची?

आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवर तक्रार आजच नोंदवते आहे. महिन्याभरात समाधानकारक लेखी उत्तर आलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि तिथला निवाडा तुमच्यावर बंधनकारक असतो. त्यानंतरही गरज पडली तर नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तिथे मनस्तापाची भरपाईही मागता येते, आणि ‘मिस्टरांना फोन द्या’ हे रेकॉर्डिंग आयोगापुढे वाजवण्याची विनंती मी नक्की करेन. ते डिलीट होणार नाही याची जबाबदारी या पत्रापासून तुमची.

पॉलिसीधारक
(नाव, पॉलिसी क्रमांक व क्लेम क्रमांक सोबतच्या कागदांवर)

सोबत: नाकारल्याचं पत्र, आरसीची प्रत, कर व दंडाची पावती, गॅरेजचं एस्टिमेट, सीसीटीव्हीचं फुटेज पेनड्राइव्हवर.

ता. क.: उत्तर लेखीच द्या. गॅरेजवाला गाडी अडकून पडल्याबद्दल रोजचं भाडं लावायच्या बेतात आहे, ते बिलही तुमच्याच नावाने येईल.