पाबळला जाऊन आले

प्रिय सोन्या,

काल फोनवरच सांगणार होते पण तू मीटिंगच्या गडबडीत होतास म्हणून लिहितेय, मोठं आहे, निवांत वाच. रविवारी मी आणि बाबा पाबळला जाऊन आलो. शिक्रापूरवरून आत वळलो, गावात विचारलं तर एक पोरगा म्हणाला मस्तानीची समाधी ना, सरळ जा, आणि पुढे एक आजोबा भेटले ते कबर म्हणाले. एकाच जागेला दोन्ही शब्द आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं, मला ते फार बरं वाटलं.

काही भपका नाही रे तिथे. साधी कबर, वर कुणीतरी सकाळीच वाहिलेली झेंडूची फुलं, त्यातली दोन वाऱ्याने खाली पडली होती ती मी उचलून परत वर ठेवली. डोळे भरून आले माझे.

तू शाळेत वाचलंयस, मस्तानी म्हणजे बुंदेलखंडच्या राजा छत्रसालाची मुलगी, बाजीराव तिकडे मुघल सरदार बंगशाविरुद्ध मदतीला धावून गेले त्यानंतर ती पुण्यात आली. आई मुसलमान म्हणून पेशव्यांच्या घराने तिला कधी आपलं म्हटलं नाही. बाजीराव मोहिमेवर असताना तिला घरच्यांनीच कैदेत ठेवलं. पोराची मुंज करायची बाजीरावांची इच्छा होती, ब्राह्मण तयार झाले नाहीत असं सांगतात. 28 एप्रिल 1740 ला रावेरखेडीला बाजीराव गेले, चाळिशीसुद्धा गाठली नाही, आणि मागोमाग ही पण गेली. त्यांची समाधी तिकडे नर्मदेकाठी आणि ही इकडे पाबळला, जे गाव त्यांनीच तिला इनाम दिलेलं. मेल्यावरसुद्धा एकत्र नाहीत.

पण बघ, पुसता पुसलं गेलं का नाव? शनिवारवाड्याच्या एका दरवाजाला आजही मस्तानी दरवाजा म्हणतात, त्यालाच अलीबहादूर दरवाजा असंही नाव आहे, अलीबहादूर म्हणजे तिचा नातू, एकाच दरवाजाला आजी आणि नातू दोघांची नावं! कोथरूडच्या तिच्या महालाचे अवशेष काकासाहेब केळकरांनी आणून त्यांच्या पुण्यातल्या म्युझियममध्ये परत उभे केले, तुला दाखवलेत मी, तेव्हा तू माझा पदर धरून लाकडी खांबांवरची नक्षी मोजत होतास. आणि तिचा मुलगा समशेर बहादूर, ज्याची मुंज झाली नाही तोच 1761 ला पानिपतावर मराठ्यांकडून लढला, जखमी झाला आणि त्यातच गेला. आईच्या मागे त्याला काशीबाईंनी, म्हणजे बाजीरावांच्या पहिल्या बायकोने, सांभाळलं असं सांगतात, त्या बाईचं मन किती मोठं असेल याचा मी परतताना गाडीत सारखा विचार करत होते.

आता जे सांगायचंय ते. तुला एक मावशी होती. माझी मोठी बहीण, ताई. तिने 1983 ला तिच्या शाळेतल्या एका मुसलमान सरांशी लग्न केलं आणि तुझ्या आजोबांनी तिच्या नावाने आंघोळ केली. घरात तिचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं आणि मी, तेव्हा अठरा वर्षांची, गप्प बसले. नंतर तुझा जन्म झाला तेव्हासुद्धा तिला कळवलं नाही. ती गेल्याचं मला चार महिन्यांनी कळलं. हे मी तुला इतकी वर्षं सांगितलं नाही, त्याची मला लाज वाटते सोन्या.

कपाटात आमचा एक फॅमिली फोटो आहे, त्यात ताईचा भाग कात्रीने कापलेला. कापणाऱ्याच्या लक्षात आलं नाही पण माझ्या खांद्यावर तिची चार बोटं तशीच राहिलीत, एका बोटात खोटी मोत्याची अंगठी. ती अंगठी आम्ही दोघींनी जत्रेत घेतली होती. मी अजून कधीकधी तो फोटो काढून बघते.

सरांच्या भाचीचा नंबर मिळालाय, त्यांच्याकडे ताईचे फोटो आहेत म्हणे, आणि तिला कुठे ठेवलंय ते पण ती दाखवेल. दिवाळीला येशील तेव्हा दोन दिवस जास्त काढ. आपण दोघं जाऊ, फोटो घेऊन येऊ, मोठा करून फ्रेम करू, हॉलमध्ये आजोबांच्या फोटोशेजारी लावायचा. बाबांशी बोललेय मी, ते म्हणाले खिळा मी ठोकतो.

जेवण वेळेवर करत जा.

तुझी आई