इतवारीतल्या काकाजींना, ३३ आणि २५ च्या हिशेबाबद्दल

काकाजी, सप्रेम नमस्कार.

मागच्या डिसेंबरात गिझरचं एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी कॉइल, न्यायला आलेली नंदनवनची ताई मी, मुलींना खोल्या भाड्यानं देते ती. एलिमेंटचे पैसे तुम्ही घेतलेच, तेव्हा आभार त्याचे नाहीत. बिलाच्या मागे पेन्सिलीनं जो हिशेब मांडून दिलात, त्याचे आहेत.

नागपूर म्हटलं की लोकांना फक्त ऊन आठवतं. इथल्या थंडीत गिझर बंद पडला आणि कॉलेजला निघालेल्या मुली बाथरूमपुढे रांगेत उभ्या राहिल्या, की घरमालकिणीचं काय होतं ते मलाच ठाऊक. त्यात दुसऱ्या एका दुकानात ‘३० टक्के बिल कमी’ म्हणून दुप्पट किमतीचं एलिमेंट गळ्यात मारत होते. तुम्ही हसलात. ‘ताई, कॉइलमध्ये गेलेली वीज सगळी उष्णताच होते नं जी. वरचे ३० आणायचे कुठून?’ वाया जाते ती टाकीतून, गरम पाणी तासन्‌तास भरून ठेवलं की. हे कोणी विक्रेता सांगत नाही.

मग मल्टिमीटरच्या दोन्ही पिना तुम्ही एलिमेंटच्या टोकांना लावल्या. माझ्या जुन्या १५०० वॅटच्या एलिमेंटचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३५ ओहमच्या आसपास, नव्या २००० वॅटच्याचा साडेसव्वीस. सोबत माझी दहावीतली मुलगी. जास्त ताकदीच्या कॉइलचा रोध कमी कसा, हे तिला पटेना. घरात व्होल्टेज २३० ठरलेलं. रोध कमी तर धारा जास्त, साडेसहाच्या जागी ८.७ अँपिअर. वॅट म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. पुस्तकात हे सूत्र तिनं घोकलं होतं, काट्यावर पहिल्यांदा पाहिलं.

खरी गंमत टक्क्यांची. १५०० चे २००० झाले म्हणजे वाढ ५००, भागिले मूळचे १५००: ३३ टक्के. वेळ मात्र ३३ नाही, २५ टक्क्यांनीच घटतो. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर न्यायला आधी २१ मिनिटं, आता पावणेसोळा. आणि युनिट दोन्हीकडे तेच, अर्ध्याहून किंचित जास्त. ‘मोठं एलिमेंट, मोठं बिल’ ही माझ्या सासूबाईंची धास्ती तिथंच मिटली. व्होल्टेज १० टक्के पडलं तर ताकद १९ टक्के पडते, हे मुलीनं ०.९ गुणिले ०.९ करून स्वतः काढलं. तुम्ही तिला पेन्सिल देऊन टाकलीत, ती अजून दप्तरात आहे.

तुम्ही बजावल्याप्रमाणे १६ अँपिअरचा सॉकेट आणि जाड वायर टाकून घेतली. थर्मोस्टॅटचं तापमानही कमी केलं. रांग आहे, पण पुढे सरकते.

टाकीत क्षार साचलाय का, ते बघायला एकदा घरी या. त्या दिवशी मीटर लावून तपासल्याचे तुम्ही काही घेतलं नव्हतं. या वेळी घ्यावे लागतील, आणि सासूबाईंच्या हातचं पिठलं-भाकर खाऊनच जायचं.

तुमची,
नंदनवनची ताई