मंत्रिमहोदय, आधी फायलीचं ठरवा

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

सरकारी कार्यालयांत ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा मूळ कोड कुणालाही पाहता-बदलता येतो असं सॉफ्टवेअर, आणायचा विषय निघाला की चीनचं नाव घेतलं जातं. पण तिथे सरकारी पाठबळ असूनही रेड फ्लॅग लिनक्स या विंडोजला पर्याय म्हणून काढलेल्या देशी प्रणालीची कंपनी फेब्रुवारी २०१४ मध्ये बंद पडली. त्याच वर्षी मे महिन्यात बीजिंगने सरकारी खरेदीतून विंडोज ८ वगळलं. पुढे यूओएस ही आणखी एक देशी प्रणाली आली. मात्र मे २०२२ मध्ये गिटी या तिथल्या मोठ्या कोड-भांडारातले असंख्य सार्वजनिक प्रकल्प तपासणीसाठी लोकांना दिसेनासे झाले. हा रस्ता मला आपल्यासाठी नको वाटतो.

आपण तैवानकडे पाहावं, ही विनंती.

तिथल्या सरकारने २०१५ मध्ये जी योजना हाती घेतली, तिच्या नावातच सॉफ्टवेअर नव्हतं, फायलीचा प्रकार होता: ओडीएफ, म्हणजे कुठलंही सॉफ्टवेअर वापरू शकेल असा दस्तऐवजांचा खुला प्रकार. नियम साधा. ज्या फायलीत नागरिकाला काही भरायचं किंवा बदलायचं आहे ती ओडीएफमध्ये, नुसती वाचायची ती पीडीएफमध्ये. फाइल कुठल्याही एका कंपनीची राहिली नाही की कार्यालयाला आणि अर्जदाराला आपापलं सॉफ्टवेअर निवडता येतं. तिथल्या यिलान परगण्याने लिबरऑफिस या दस्तऐवज तयार करायच्या मोफत ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा रस्ता धरला. सरकारने लिबरऑफिसवरून स्वतःची आवृत्ती तयार करून सर्वांना फुकट दिली. २०२२ मध्ये स्थापन झालेलं डिजिटल खातं आता ती सांभाळतं.

आणखी एक गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. पारंपरिक चिनी लिपीतली अनेक अक्षरं फक्त माणसांच्या नावांत आणि गावांच्या नावांत सापडतात. नेहमीच्या फॉन्टमध्ये ती नसतात आणि मग नोंदणीच्या कागदावर नावाच्या जागी रिकामा चौकोन उमटतो. तैवान सरकारने अशी हजारो दुर्मीळ अक्षरं गोळा केली, त्यांना क्रमांक दिले आणि ती असलेले फॉन्ट लोकांना मोफत उपलब्ध करून दिले. भाषेची काळजी अशी घेतली जाते, साहेब.

मराठी मुक्त सॉफ्टवेअरच्या भाषांतराचं काम मी करतो, त्यामुळे हे वाचताना जीव तुटतो. आपल्याकडे अजूनही युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना संगणकात ठरावीक क्रमांक देणारं जागतिक मानक, येण्याआधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रकं हाती येतात. मजकूर कॉपी केला की जोडाक्षरांचा चुरा होतो, शोधायला गेलं तर एक शब्द सापडत नाही, दृष्टिहीन वाचकाला मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर भलतंच बोलतो. अर्जाचा नमुना बहुतेकदा एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडतो. नाही तर स्कॅन केलेला असतो, म्हणजे तो छापून हाताने भरायचा.

यासाठी नवा कायदा लागत नाही. केंद्राचं खुल्या मानकांचं धोरण २०१० चं आहे, ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचं २०१५ चं. आपण एक शासन निर्णय काढावा: भरायचा प्रत्येक नमुना युनिकोड मराठीत आणि ओडीएफमध्ये संकेतस्थळावर असेल. सरकारी खर्चाने घडवलेले मराठी फॉन्ट कुणालाही वापरण्या-बदलण्याच्या मुक्त परवान्याने खुले होतील. आणि यापुढे सॉफ्टवेअर खरेदीच्या निविदेत ओडीएफ उघडण्या-जतन करण्याची अट असेल. सुरुवात एखाद्या जिल्ह्यातल्या तहसील कार्यालयांपासून करा. नमुने बदलायला, कर्मचाऱ्यांना शिकवायला आमच्यासारखे लोक विनामोबदला येतील. तारीख आपण कळवावी.

आपला,
एक मराठी भाषांतरकार