सगळी तूर एकदम विकू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

यंदा थ्रेशरमधून निघालेली सगळी तूर थेट बाजार समितीत नेऊ नका. अन्नसुरक्षेच्या अभ्यासात हेच पुन्हापुन्हा समोर येतं. आफ्रिकेतल्या नायजरचा शेतकरी काढणीलाच चवळी विकतो अन् पुढे खायला तीच चढ्या भावानं घेतो. गावात धान्य असूनही घर उपाशी राहू शकतं, हे अमर्त्य सेन यांनी 1943 च्या बंगालच्या दुष्काळावरून मांडलं. आपल्याकडे घाईनं विकायला दोन कारणं: देणी आणि भुंगे.

भुंगा बहुतेकदा शेतातूनच दाण्याबरोबर घरात येतो. दाण्यावर पांढरे ठिपके दिसले तर ती त्याची अंडी. चवळीसाठी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं कॅमेरूनमध्ये काम करून तीन थरांचं पोतं काढलं: आत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर नेहमीचा कट्टा. आतला प्राणवायू किडेच संपवतात. त्यावाचून त्यांना अंगात पाणी तयार करता येत नाही, म्हणून ते सुकून मरतात. पावडर, गोळ्या काही लागत नाही.

पण तूर ओली असेल तर बुरशी धरते. काचेच्या कोरड्या बरणीत तिसरा हिस्सा तूर घ्या, कढईत भाजून थंड केलेलं मीठ दोन-तीन चमचे टाका, मिनिटभर हलवा, 15 मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल 15 टक्क्यांच्या वर आहे. नाही चिकटलं तरी अजून दोन उन्हं द्याच. उन्हातली गरम तूर लगेच भरू नका, आत घाम सुटतो.

आधी पिशवीत हवा भरून भोकं तपासा. तूर चाळून काड्या काढा, त्या प्लास्टिकला टोचतात. थोडी थोडी भरत दाबा, वर वीतभर जागा सोडा. तोंड पिळून, दुमडून सुतळीनं आवळा. दुसऱ्या पिशवीचंही तसंच. पोतं फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा. उंदरानं एक भोक पाडलं की सगळं फुकट. आई, मधेमधे उघडून पाहू नकोस, हवा शिरते. घरी खायची तूर भरडून डाळच करून ठेव, तिला भुंगा फारसा लागत नाही.

आता देणी. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे: बाजार समितीच्या गोदामात तूर ठेवली की किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, 6 टक्के व्याज, मुदत सहा महिने. सगळ्याच समित्या ती राबवत नाहीत. बाबा, सातबारा घेऊन एकदा विचारून या. भाव पुढे चढेलच असं नाही, म्हणून निम्मी विका, निम्मी ठेवा.

तुमची,
ताई