फोम फवारला म्हणजे छत झाले असे नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

छतावर फवारायचा पॉलियुरेथेन फोम आता राहत्या घरांपासून गोदामांपर्यंत सगळीकडे सुचवला जातो. साहित्य खरोखर चांगले आहे. उष्णता अडवते, सांधा राहत नाही, आणि ४० मिमी जाडीला चौरस मीटरमागे जेमतेम दोन किलो वजन पडते. आम्ही याच कामातले आहोत आणि फोमच्या बाजूनेच लिहीत आहोत. पण कोटेशनमध्ये बहुधा फक्त फोमची जाडी असते. छत टिकणार की नाही हे ज्या गोष्टींवर ठरते, त्यांचा त्यात पत्ता नसतो.

हा फोम जागेवरच तयार होतो. एका ड्रममध्ये आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिऑल. दोन्ही तापवलेल्या होजमधून गनपर्यंत येतात, तिथे आकारमानाने समसमान मिसळतात आणि काही सेकंदांत फुगून घट्ट होतात. प्रमाण चुकले की फोम बिघडलाच. आयसोसायनेट जास्त पडले तर तो ठिसूळ होऊन बोटाखाली कुरकुरतो. पॉलिऑल जास्त पडले तर मऊ, चिकट राहतो आणि वास जात नाही. असा भाग कोटिंगखाली, म्हणजे फोमवर मारायच्या संरक्षक लेपाखाली, झाकू देऊ नये, कापून काढायला लावावा.

छतासाठी फोमची घनता घनमीटरला ४० ते ४८ किलो हवी. भिंतीत भरायचा हलका, उघड्या छिद्रांचा फोम साधारण ८ किलोचा असतो आणि पाणी धरतो. छतावर त्याचे काम नाही. माल किती लागला, हे ग्राहकाला स्वतः तपासता येते. १०० चौरस मीटरवर ४० मिमी म्हणजे ४ घनमीटर. ४५ किलोच्या घनतेने १८० किलो, आणि वाया जाणारा माल धरला तर २०० किलोंच्या वरच. काम संपल्यावर ड्रममधला उरलेला माल मोजला की जाडी खरी का खोटी ते कळते.

सर्वाधिक कामे बिघडतात ती ओलीमुळे. आयसोसायनेटची पाण्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि फोमला फोड येतात, किंवा तो पृष्ठभाग सोडतो. स्लॅब वरून कोरडा दिसला म्हणून आत कोरडा असतोच असे नाही, म्हणून आर्द्रतामापक लावावा. नवे काँक्रीट किमान २८ दिवसांचे हवे. पत्र्याचा गंज काढून प्राइमर मारावा. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्याच्या) निदान ३ अंश सेल्सिअस वर असावे. पहाटे फवारणी सुरू करण्याची घाई इथेच नडते. वाऱ्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास गेला की आडोशाशिवाय फवारू नये. उडालेले थेंब शेजारच्या गाड्यांवर आणि काचांवर बसले की सहजासहजी निघत नाहीत.

एका थरात १२ ते ३८ मिमी, त्याहून जास्त नाही. जाड थरात प्रक्रियेची उष्णता कोंडते. फोम आतून करपतो, तडकतो, क्वचित पेटतोही. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीइतका खडबडीत चालतो. लाह्यांसारखे दाणे उठले असतील तर नाकारावा, कारण त्या फटींत कोटिंग पोचत नाही.

आता मुख्य मुद्दा. उघडा फोम उन्हातल्या अतिनील किरणांनी आधी पिवळा, मग तपकिरी होतो आणि त्याची भुकटी सुटू लागते. म्हणून कोटिंगचा पहिला हात शक्यतो त्याच दिवशी मारावा, फार तर ७२ तासांत. आणि कोटिंगची जाडी ‘दोन हात’ अशी नव्हे, सुकल्यानंतरच्या मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी. सुकल्यावर ०.७५ मिमी हवी असेल तर १०० चौरस मीटरला ७५ लिटर घनद्रव्य लागते. डब्यातला घनांश, म्हणजे सुकल्यावर उरणारा भाग, आकारमानाने ६० टक्के असला, तर १२५ लिटर कोटिंग. तेही सपाट पृष्ठभागाला. खडबडीत फोमला आणखी जास्त. कंत्राटदार इथेच हात आखडता घेतो, कारण पांढरा रंग अर्ध्या जाडीतही पांढराच दिसतो. चौकोनी तुकडा कापून जाडी मोजावी आणि भोक त्याच दिवशी सीलंटने बुजवावे.

पाणी साचणाऱ्या छतावर ॲक्रिलिक कोटिंग टिकत नाही, तिथे सिलिकॉनचेच हवे. पण मुळात पाणी साचूच नये. निदान ५० ला १ एवढा उतार हवा, आणि खळगे फोमनेच भरून काढता येतात. कठड्यांवर आणि पाइपांभोवती फोम किमान १०० मिमी वर चढवून घ्यावा. कोटिंगलाही वय असते. साधारण १० ते १५ वर्षांनी नवा हात लागतो; तो खर्च पहिल्याच दिवशी सांगितला गेला पाहिजे. मधल्या काळात वर्षातून दोनदा छतावर चढून पक्ष्यांनी टोचलेली आणि अवजारे पडून फाटलेली ठिकाणे सीलंटने भरावीत.

शेवटी, कामगारांचे फुप्फुस. आयसोसायनेटच्या वाफांनी दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे अगदी थोडी वाफही त्रास देते. फवारणाऱ्याला साधा कापडी मास्क पुरत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. इमारतीत हवा ओढणारे सगळे पंखे आणि एसीची तोंडे फवारणीपूर्वी बंद करून झाकावीत, आणि माल पुरवणाऱ्याने सांगितलेली मुदत संपेपर्यंत ती उघडू नयेत. मुखवट्याविना आलेल्या माणसाला ग्राहकाने फवारू देऊ नये, काम एक दिवस पुढे गेले तरी चालेल.

आपले,
छतांच्या उष्णतारोधन व जलरोधन कामातील काही तंत्रज्ञ